हाफ-फ्रेम कॅमेरा: ऐकीव गोष्टी आणि खरे हिशेब

कोडॅकच्या नावाने २०२२ मध्ये ‘एक्टार एच३५’ हा प्लॅस्टिकचा स्वस्त हाफ-फ्रेम कॅमेरा आला आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ काढला. तेव्हापासून साठ-सत्तरच्या दशकांतल्या जुन्या ऑलिंपस पेन, कॅनन डेमी, रिको ऑटो हाफ अशा कॅमेऱ्यांनाही पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. नेरळ, भिवपुरी, कर्जतला उतरणाऱ्या ट्रेकर पोरांच्या गळ्यात अधूनमधून असा एखादा मुठीएवढा कॅमेरा दिसतो. कॅमेऱ्याच्या जोडीने ऐकीव माहितीही गावभर फिरते. त्यातली बरीचशी अर्धी खरी असते आणि खिशाला चाट तीच लावते.

‘हा अर्धवट, खेळण्यातला फॉरमॅट आहे’

इतिहास नेमका उलटा आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म मुळात सिनेमाची. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ती उभी सरकते आणि चार छिद्रांमागे एक चौकट उमटते, साधारण १८ बाय २४ मिलिमीटरची. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, तो याच मापाच्या चौकटींतून. जर्मनीत ऑस्कर बार्नाकने हीच फिल्म आडवी चालवली, चौकट दुप्पट करून आठ छिद्रांची केली आणि १९२५ मध्ये त्यातून लायका बाजारात आला. आज आपण जिला ‘फुल फ्रेम’ म्हणतो ती ही दुप्पट केलेली चौकट. हाफ-फ्रेम कॅमेऱ्यात एका फोटोला चारच छिद्रे लागतात, म्हणजे तो सिनेमाच्या मूळ मापावर परत येतो. खालापूर तालुक्यात चौकजवळचा एन. डी. स्टुडिओ आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पडद्यावरची भव्यता इतक्याशा चौकटीतून निघू शकते हे इथल्या माणसाला निराळे पटवून द्यायला नको.

दुसरे असे की, हे कॅमेरे बनवणाऱ्यांनी ते खेळणे म्हणून बनवलेच नव्हते. योशिहिसा मैतानी या तरुण अभियंत्याने ऑलिंपसमध्ये पहिला पेन घडवला, तो १९५९ मध्ये आला. किंमत ६००० येनांच्या घरात ठेवायची होती. मैतानीने काटकसर बाकी सगळीकडे केली, पण लेन्सवर हात आखडला नाही. चार काचांची, २८ मिलिमीटरची, एफ ३.५ ची ही लेन्स आजही लखलखीत चित्र देते. पुढे १९६३ मध्ये त्याने पेन एफ हा लेन्स बदलता येणारा हाफ-फ्रेम एसएलआर काढला. त्याचे शटर टायटॅनियमच्या फिरत्या चकतीचे होते.

‘फोटो मोठा करता येत नाही’

करता येतो, पण हिशेब समजून घ्यावा लागतो. आठ बाय दहा इंचाची प्रत काढायची तर फुल फ्रेमची निगेटिव्ह साडेआठ पट वाढवावी लागते, हाफ-फ्रेमची सव्वाअकरा पट. फरक आहे, तरी जमीन-अस्मानाचा नाही. वाढीबरोबर ग्रेन वाढतो आणि हात हलल्याची खूणही वाढते. ग्रेनवर उपाय म्हणजे कमी आयएसओची फिल्म. १०० किंवा २०० ची फिल्म वापरलीत तर आठ बाय दहाची प्रत भिंतीवर लावण्याजोगी निघते. स्कॅनच्या बाबतीत सांगायचे तर ३००० डीपीआयवर फुल फ्रेममधून सुमारे १२ मेगापिक्सेल मिळतात, हाफ-फ्रेममधून ६. फोनच्या पडद्यासाठी आणि अल्बमच्या प्रतीसाठी सहा भरपूर झाले.

इथे आपल्या भागाची एक अडचण आहे. ऑलिंपस पेन ईई मालिकेतल्या ईई-२, ईई-३ या कॅमेऱ्यांना शटरचे वेग दोनच, सेकंदाचा चाळिसावा आणि दोनशेवा भाग. लेन्स एफ ३.५ च्या पुढे उघडत नाही. प्रकाश त्याहून कमी पडला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पाती वर येते आणि शटर अडून बसते. डिसेंबरात पेब किल्ल्याच्या माथ्यावर हे कधी जाणवत नाही. जुलैत कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर, डोक्यावर गच्च ढग आणि भोवती दाट झाडी असताना, आयएसओ १०० ची फिल्म असेल तर लाल पाती पुन्हापुन्हा तोंड दाखवते. ४०० ची फिल्म घातली की दोन स्टॉपची सवड मिळते. लेण्याच्या आत तीही पुरत नाही. म्हणून उन्हाळ्या-हिवाळ्यात १०० किंवा २०० आणि पावसाळ्यात ४०० हे गणित इथे बसते. पावसातल्या फोटोंत ग्रेन येणारच आणि माझ्या मते तो धुक्याला शोभतोही. एक लक्षात ठेवा, पहिल्या पेन ईईची चकती आयएसओ २०० पर्यंतच जाते. ४०० ची सोय ईई-२ आणि ईई-३ मध्ये आहे.

‘७२ फोटो म्हणजे निम्मा खर्च’

फिल्म कुठली खास लागत नाही, नेहमीचा ३५ मिलिमीटरचा रोल चालतो आणि ३६ च्या रोलवर ७२ फोटो येतात, हे खरे. फिल्मचा खर्च फोटोमागे निम्मा होतो, हेही खरे. पण बिल फिल्मपाशी थांबत नाही. रोल धुण्याचा दर तोच राहतो. स्कॅनिंगचे मात्र विचारून घ्यायलाच हवे: काही लॅब फोटोमागे पैसे लावतात, काही हाफ-फ्रेमसाठी जास्त आकारतात आणि काही दोन-दोन फोटो एकाच फाइलमध्ये जोडून देतात. ही जोडी पुष्कळांना आवडते, पण न मागता मिळाली तर पुन्हा कापत बसावे लागते. प्रती काढल्यात तर ७२ प्रतींचे पैसे ७२ प्रतींचेच होतात.

शिवाय ७२ फोटो लवकर संपत नाहीत. एक रोल महिनोन्महिने कॅमेऱ्यात राहतो आणि मे महिन्यात कर्जतच्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याचे मातेरे होते. उष्मा आणि दमट हवा यांनी उघडलेल्या, न धुतलेल्या फिल्मचे रंग घसरतात. कमी फोटो काढणाऱ्याने २४ चा रोल घ्यावा. त्यावर ४८ येतात आणि तेवढे एखाद्या सुट्टीत संपतात.

‘सेल लागत नाही, म्हणजे बिघडणारच नाही’

पेन ईईच्या लेन्सभोवती बुडबुड्यांसारख्या काचेचे कडे असते. त्यामागे सेलेनियमचा पत्रा असतो. त्यावर प्रकाश पडला की वीज तयार होते आणि तिच्यावर मीटर चालते, म्हणून सेलची गरज पडत नाही. पण सेलेनियमही म्हातारे होते. साठ वर्षांत ओल शिरलेली असेल, जोड गंजले असतील, तर ते मरून पडलेले असते किंवा कमी प्रकाश दाखवते.

तपासणी सोपी आहे. उजेडात उभे राहा, लेन्स आणि ते कडे तळहाताने पूर्ण झाका आणि कळ दाबा. लाल पाती वर यायला हवी आणि शटर सुटता कामा नये. हात काढून उन्हाकडे रोखा, आता शटर सुटले पाहिजे. उन्हातही पाती येत असेल तर सेलेनियम गेले असे समजा. ही चाचणी पास झाली म्हणजे मीटर जिवंत आहे इतकेच कळते, ते अचूक आहे की नाही ते पहिल्या रोलवरच ठरते. पहिल्या कॅनन डेमीत मात्र वरच्या बाजूला सुईचे मीटर आहे. ते फोनवरच्या लाइट मीटरशी जागच्या जागी ताडून पाहता येते.

आणि सेलेनियम मेले म्हणून कॅमेरा फेकायचे कारण नाही. ईई-२ किंवा ईई-३ ची चकती ऑटोवरून काढून एफ आकड्यांवर ठेवली की शटर चाळिसाव्या भागावर स्थिर होते. ही सोय फ्लॅशसाठी केलेली आहे. आयएसओ १०० ची फिल्म आणि लख्ख ऊन असेल तर एफ २२ वर ठेवा, फोटो ठीक येतो. सावलीत एफ ५.६ च्या आसपास. चाळिसाव्या भागाला हात स्थिर हवा, एवढे पथ्य. विक्रेता ‘मीटर बंद’ म्हणून दर उतरवत असेल तर हा सौदा वाईट नाही.

सेलवर चालणाऱ्या मॉडेलांची भानगड वेगळी. पेन एफटी, पेन ईईडी, कॅनन डायल ३५ यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा आणि तो आता बनत नाही. ‘कुठलाही बटन सेल चालतो’ असे दुकानदार सांगतो. पण दीड व्होल्टच्या सेलवर मीटर जास्त प्रकाश दाखवते आणि फोटो काळवंडतात. श्रवणयंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल, बाहेरून एक कडी लावून, व्होल्टेजच्या बाबतीत जवळचा ठरतो. त्याचा कागद काढला की तो काही आठवड्यांत उतरतो.

‘फोकस करावाच लागत नाही’

ईई-३ मध्ये करता येतच नाही. छोट्या चौकटीला छोटी लेन्स लागते आणि छोट्या लेन्सची फोकसची खोली जास्त असते, म्हणून हे जमते. पण साधारण दीड मीटरच्या आतले काहीही धूसर येते. वडापावच्या प्लेटचा किंवा बाळाच्या चेहऱ्याचा जवळून फोटो हवा असेल तर हे मॉडेल घेऊ नका. पेन ईईएस, पेन डी किंवा डेमी पाहा, त्यांत अंतर ठरवता येते.

चौकट उभी असते याबद्दलही कुरकूर ऐकू येते. कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो आणि आडव्या फोटोसाठी कॅमेरा उभा करावा लागतो. सवयीचा प्रश्न आहे. कोथळीगडाचा पेठचा सुळका किंवा भिवपुरीचा धबधबा उभ्या चौकटीतच नीट बसतो. आडवेच हवे असेल तर कॅनन डायल ३५ आणि यशिकाचा सामुराई यांत फिल्म उभी सरकते, म्हणून त्यांची चौकट आडवी असते.

‘चामड्याच्या केसमध्ये सुरक्षित राहतो’

या गैरसमजाने आपल्याकडे जितक्या लेन्स मेल्या असतील तितक्या पडून-आपटून मेल्या नसतील. कर्जत-खालापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. चामडे ती ओल धरून ठेवते. त्यात अंधार आणि जुन्या बोटांचे ठसे मिळाले की लेन्सच्या काचांवर बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, कोटिंग खाते आणि उशीर झाला तर काचेवर कायमचा चट्टा सोडते. मूळ चामड्याची केस हौसेने जपा, पण कॅमेऱ्यापासून लांब.

डांबरगोळ्यांनी ओल जात नाही. तांदळाच्या डब्यात ठेवणे हा आणखी एक घरगुती उपाय. भाताच्या वाणांसाठी नावाजलेल्या कर्जतमध्ये तो सुचणे साहजिक आहे, पण तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याचा कोंडा शटरमध्ये शिरतो. रबराच्या कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र, एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, त्यामुळे ते स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका. आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार-सहा वेळा शटर मारा.

उन्हाळ्यात माथेरानला नेणार असाल तर शत्रू बदलतो. तिथली लाल धूळ अगदी बारीक असते आणि पेन ईईचे फिल्म पुढे सरकवायचे दातेरी चाक मागच्या बाजूला उघडेच असते. रोल बदलायचा तो खोलीत बदलावा, रस्त्यावर घोड्यांच्या रहदारीत नाही.

घ्यायचा तर कसा

कर्जतहून थेट लोकलने सीएसएमटीला उतरलात की फोर्टातला बोरा बाजार चालत गाठता येतो, चोर बाजारातही जुने कॅमेरे असतात. ऑनलाइन फोटो पाहून घेण्यापेक्षा हातात घेऊन पाहणे बरे. चकाकत्या बाह्यांगाला भुलू नका. मागचे झाकण उघडा, शटर उघडे राहील अशी सोय असेल तर लेन्समधून उजेडाकडे पाहा, जाळे दिसते का ते तपासा. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको. झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट भुगा झालेला असतोच, तो स्वस्तात बदलता येतो, त्यावरून सौदा मोडू नका. बुरशीवरून मात्र मोडा.

पहिलाच कॅमेरा असेल तर चालू मीटरचा ईई-३ किंवा डेमी घ्या. पेन एफटी देखणा आहे, पण त्याची दुरुस्ती आणि सेल यांचा व्याप दुसऱ्या-तिसऱ्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवा. आणि विक्रेता झाकण उघडून पाहू देत नसेल, तर कितीही स्वस्त असला तरी तो कॅमेरा तिथेच ठेवून या.