जुन्या यंत्राची पारख

अमेरिकेच्या मध्य व पश्चिम भागात ‘रँच’ या नावाने ओळखली जाणारी असंख्य लहान शिवारे आहेत. थोडे कुरण, काही जनावरे, हिवाळ्यासाठी साठवलेले गवत आणि मैलभर कुंपण, एवढाच त्यांचा पसारा. परंतु कामे मात्र मोठ्या शिवाराइतकीच अवजड. गवताच्या गाठी उचलणे, तळ्यातील गाळ काढणे, रस्त्यावरील बर्फ लोटणे ही कामे हातांनी होत नाहीत. त्यांसाठी नवे यंत्र घ्यावे, तर वर्षातून मोजकेच दिवस चालणाऱ्या वस्तूत सारे भांडवल अडकून पडते. म्हणून अनेक लहान मालक जुन्या यंत्राकडे वळतात. हा व्यवहार नीट साधला, तर शिवार तरते; फसला, तर वर्षभराची मिळकत दुरुस्तीत विरघळते.

नावावर विसंबून केलेल्या खरेदीचा एक धडा नेब्रास्का राज्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. तेथील शेतकरी विल्मॉट क्रोझियर यांनी ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. पण तो विख्यात हेन्री फोर्ड यांचा नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने ते नाव आपल्या मालाला लावले होते. यंत्र कामास उतरले नाही. पुढे क्रोझियर विधिमंडळात गेले आणि त्यांच्या पुढाकाराने 1919 साली कायदा झाला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा असेल, तर त्याचा नमुना विद्यापीठाच्या चाचणीस उतरला पाहिजे आणि सुटे भाग पुरवण्याची सोय राज्यातच असली पाहिजे. 1920 पासून सुरू झालेल्या या चाचण्यांचे अहवाल आजही उपयोगी पडतात. जुन्या यंत्राची मूळ ताकद किती होती, हे विक्रेत्याच्या शब्दाऐवजी अहवालातून कळते.

जाणकार ग्राहक यंत्र पाहायला जाताना एक अट घालतो: इंजिन आधी सुरू करून ठेवू नये. तापलेले इंजिन आपले दोष झाकते. थंड इंजिन सुरू होताना किती कुरकुरते आणि किती धूर सोडते, यावरून त्याची प्रकृती समजते. तेल दुधासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. तासांचा काटा कमी आकडा दाखवत असेल आणि पायपट्ट्या मात्र झिजून गुळगुळीत झाल्या असतील, तर काट्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. पुढचा लोडर भार घेऊन वर उचलावा, इंजिन बंद करावे आणि थोडा वेळ थांबावे. भार भराभर खाली येऊ लागला, तर हायड्रॉलिक यंत्रणेत गळती आहे. बॅकहोच्या सांध्यांतील पिना व बुश ढिले झाले असतील, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. नवा रंग पाहून भुलू नये. त्याखाली वेल्डिंगचे जोड दडलेले असू शकतात.

कागदांची तपासणीही तितकीच महत्त्वाची. यंत्र कर्जासाठी तारण ठेवलेले असेल, तर पैसे मोजूनही त्यावरील बोजा सुटत नाही. अशा बोजांची नोंद राज्याच्या दप्तरी असते. यंत्राचा अनुक्रमांक आणि विक्रेत्याचे नाव घेऊन ती आधी पाहता येते. लिलावात माल बहुधा ‘आहे तसा, आहे तेथे’ या अटीवर विकला जातो. बोलीखेरीज लिलावगृहाचे शुल्क, वाहतूक आणि पहिल्या दुरुस्तीची रक्कम जोडल्यावर उरणारा आकडा हीच खरी किंमत. ती मर्यादा घरी ठरवून जाणारा ग्राहक बोलीच्या भरात वाहवत नाही.

फोर्ड 8एन हा 1947 ते 1952 या काळात तयार झालेला करडा-तांबडा ट्रॅक्टर अशा शिवारांवर अजूनही दिसतो. पाच लाखांहून अधिक बनल्यामुळे त्याचे सुटे भाग आजही मिळतात आणि घरच्या हत्यारांनी बरेचसे काम होते. मात्र त्याच्यात एक खोड आहे. मागे गवत कापणारे फिरते अवजार जोडले असता, क्लच दाबला तरी अवजाराच्या पात्यांचा वेग ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. कुंपणाशी किंवा तळ्याच्या काठाशी हे प्राणघातक ठरू शकते. एकाच दिशेने जोर पोहोचवणारा छोटा जोड शाफ्टवर बसवला, की हा धोका टळतो. तो भाग स्वस्त आहे. त्यावाचून यंत्र चालवणे मात्र महागात पडते.

त्याहून मोठा धोका ट्रॅक्टर उलटण्याचा. अमेरिकी शेतीतील अपघाती मृत्यूंत या कारणाचा वाटा फार मोठा आहे. जुन्या यंत्रांवर चालकाभोवती संरक्षक चौकट नसते. अनेक नमुन्यांसाठी ती नंतर बसवता येते, पण सोबत आसनपट्टा बांधला तरच तिचा पूर्ण उपयोग होतो. यंत्रावर घरचाच मुलगा बसणार असेल, तर हा खर्च दुरुस्तीच्या यादीत सर्वांत वर असावा.

नव्या यंत्रांत संगणक आल्यापासून दुरुस्तीचे स्वातंत्र्य हाच वादाचा विषय झाला. कोलोरॅडो राज्याने 2023 साली शेती यंत्रांबाबत कायदा केला. 1 जानेवारी 2024 पासून उत्पादकांनी मालकांना सुटे भाग, हत्यारे व माहिती देणे तेथे बंधनकारक झाले. जुन्या यंत्राचा मालक या वादापासून बराच मुक्त असतो. त्याला एक जाड माहितीपुस्तिका, तेल बदलल्याची नोंदवही आणि दर हंगामाआधी तपासणीचा एक दिवस पुरतो. पुढे यंत्र विकायची वेळ आली, म्हणजे हीच नोंदवही समोरच्या ग्राहकापुढे ठेवता येते, आणि दोन पैसे अधिक मिळतात ते तिच्यामुळेच.