सार्वजनिक काकांचे वकीलपत्र

वर्षातून पाचसहा वेळा तरी कोणी ना कोणी हातात कागद घेऊन आमच्या शाळेच्या दाराशी उभा राहतो. "मास्तर, एवढे वाचून सांगा." कागद बहुधा कन्नडात, क्वचित इंग्रजीत; आणणाऱ्याच्या घरची बोली कोकणी, मराठी नाहीतर दख्खनी. एकदा एका वृद्ध बाईने आणलेली नोटीस आम्ही वाचली, तेव्हा तिच्यातील तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. आम्ही अक्षरे वाचून दाखवू शकतो. पुढे काय करावे हे सांगणे वकिलाचे काम. आणि वकील म्हटले की आपल्याकडचा गरीब माणूस फीच्या विचारानेच घरी परततो. म्हणून ट्रस्टच्या या महोत्सवी अंकासाठी "लोकांचा वकील" म्हणजे काय, हा विषय आम्ही घेतला आहे.

असा वकील आपल्या बाजूस पूर्वी होऊन गेला आहे. आपला जिल्हा 1862 पासून 1956 पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता, त्यामुळे पुण्याचे गणेश वासुदेव जोशी आपल्याला अगदीच परके नव्हेत. जन्म 1828 चा, साताऱ्याकडील. पुण्यात वकिलीत त्यांनी जम बसविला. वकिलाने पैसा करावा, वाडा बांधावा, ही तेव्हाचीही रीत होती. परंतु जोश्यांना लोक "सार्वजनिक काका" म्हणू लागले.

त्याची सुरुवात कशी झाली हे ट्रस्टच्या अंकात लिहिणे थोडे धाडसाचे आहे, तरी लिहितो. पुण्यातील पर्वती देवस्थानचा कारभार पंच पाहत असत, आणि त्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. धर्मादाय पैसा कोणाचा, आणि त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नातून 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. काकांचे वकिली डोके त्यात कसे चालले ते पाहण्यासारखे आहे. सभेत बसणाऱ्याने नुसते मोठे नाव घेऊन यावयाचे नाही; निदान पन्नास माणसांनी आपल्यातर्फे बोलण्याचा अधिकार त्यास दिलेला असला पाहिजे. अशा रीतीने सुमारे सहा हजार लोकांनी निवडलेले पंचाण्णव प्रतिनिधी जमले. अशिलाने वकीलपत्रावर सही केल्याशिवाय वकिलाला कोर्टात तोंड उघडता येत नाही; तोच नियम काकांनी सार्वजनिक कामाला लावला. जो दुसऱ्यासाठी बोलतो त्याने प्रथम "मला कोणी नेमले?" याचे उत्तर द्यावे. न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले ते पुढल्या वर्षी, म्हणजे पाया त्यापूर्वीच घातला गेला होता.

पुढे या सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. 1876 ते 1878 च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवली. किरकोळ तंटे कोर्टाबाहेर मिटावेत म्हणून लवाद कोर्टाचा उपक्रमही केला; वकिलानेच वकिलांचे उत्पन्न कमी करावे असा हा प्रकार! काका स्वतः सूत काढीत, आणि 1877 च्या दिल्ली दरबारास सभेतर्फे गेले ते जाड्याभरड्या खादीत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रियांची वेगळी सभा चालविली, तीही त्याच काळात.

परंतु वकील म्हणून त्यांची खरी कसोटी 1879 साली लागली. वासुदेव बळवंत फडके यांना त्या वर्षीच्या जुलैत तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या विजापूरकडील भागात पकडले. मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा जळाला होता, आणि सरकारचा संशय साऱ्या शहरावर होता. फडक्यांशी ओळख दाखविणेही त्या दिवसांत धोक्याचे. अशा वेळी काकांनी त्यांचा बचाव कोर्टात मांडला. शिक्षा टळली नाही. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, आणि 1883 साली एडनच्या तुरुंगात फडके वारले. काका त्यापूर्वीच, 25 जुलै 1880 रोजी गेले. आमच्या मते या हरलेल्या खटल्याचे मोल त्यांच्या जिंकलेल्या खटल्यांहून अधिक आहे. आरोपीच्या कृत्याशी सहमत असणे वेगळे आणि त्याची बाजू कोर्टापुढे नीट मांडली जाणे वेगळे. हा भेद आजही लोकांच्या ध्यानात येत नाही, आणि "अमक्याचे वकीलपत्र घेतले" म्हणून वकिलाला नावे ठेविली जातात.

काकांच्या वेळी असा बचाव मिळणे एकाच्या धैर्यावर अवलंबून होते. आज तो कायद्याने हक्क आहे. मुंबई राज्यात गरिबांना कायद्याची मदत देण्याचा विचार करण्यासाठी 1949 साली न्यायमूर्ती ना. ह. भगवतींची समिती नेमली गेली. 1976 मध्ये घटनेत 39-अ हे कलम आले. 1978 साली महाराष्ट्रातील होसकोट यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गरीब कैद्याला अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. 2022 पासून जिल्ह्याच्या ठिकाणी आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याचीही योजना आहे.

आपल्या तालुक्यात याची गरज किती, हे जुन्या माणसांना विचारावे. काळी नदीवर धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसली. घर सोडताना भांडीकुंडी बरोबर घेतली जातात, कागद मागे राहतात. जमिनीचा उतारा, भरपाईचा हुकूम, वारसाची नोंद यांवाचून पुढल्या पिढीला काही शाबीत करता येत नाही. जंगलातील वहिवाटीचे तेच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर पुरावा हवा, आणि जिल्ह्याचे ठाणे कारवारला, अणशीचा घाट उतरून.

या कायद्याखाली फुकट वकील कोणाला मिळतो हे नीट लक्षात ठेवावे. स्त्रिया आणि मुले यांना, घरचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जातीजमातींना, आपल्या जिल्ह्यातील सिद्दी, मग ते हिंदू असोत, मुसलमान असोत वा ख्रिस्ती, 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत. दिव्यांगांना, कारखान्यातील कामगारांना, पुरासारख्या आपत्तीत सापडलेल्यांना, कोठडीत असलेल्यांना. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलेही तेथे लिहून घेतात. दूरध्वनीसाठी 15100 हा क्रमांक आहे.

लोकअदालत हा काकांच्या लवादाचाच धाकटा भाऊ म्हणावा. कोर्टातील तंटा तेथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर शाळेत आणावा, पण तारखेच्या आधी.