जुनी लायब्ररी की नवे फ्रेमवर्क? प्रोग्रामरांपुढचा पेच

बिलाचा प्रोग्राम लिहून देणारा माणूस एखाद्या दिवशी पेढीवर येतो आणि म्हणतो, "शेठ, हे सगळे जुने झाले, नव्यात लिहावे लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आपण गप्प बसतो. तो खरे सांगतो की नुसते काम काढतो, हे ओळखायचे तर त्याच्या धंद्यातला हा वाद व्यापारी बांधवांनी थोडा समजून घेतला पाहिजे.

लायब्ररी म्हणजे तयार सामान. शिंपी बटणे, बक्रम, अस्तर बाजारातून आणतो, पण कापड बेततो स्वतः. फ्रेमवर्क म्हणजे ताणा चढवलेला माग. आपण फक्त बाणा घालायचा, पण कापडाचा पन्हा मागच ठरवतो. काम हलके होते आणि हात बांधले जातात, दोन्ही एकदमच.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे उदाहरण घेऊ. विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी तिने १९९२ साली एमएफसी हा संच दिला. व्हिज्युअल बेसिक ही सोपी भाषा त्याआधी वर्षभर आली होती. तिची सहावी आवृत्ती १९९८ ची. छोट्या दुकानांचे कितीतरी हिशेब या भाषेत लिहिले गेले. मग फेब्रुवारी २००२ मध्ये डॉट नेट फ्रेमवर्क बाजारात आले.

नव्यात गुण खरेच होते. एमएफसी ज्या भाषेत चालते तिच्यात संगणकाची घेतलेली मेमरी प्रोग्रामरने स्वतः परत करावी लागे. विसरला तर प्रोग्राम जड होत होत बंद पडे. डॉट नेट हा कचरा आपणच उचलते. आमच्या दृष्टीने मोठा गुण दुसराच. व्हिज्युअल बेसिक सहाच्या मूळच्या खिडक्यांत युनिकोड नीट दिसत नसे, म्हणून गिऱ्हाइकाचे नाव उर्दूत किंवा मराठीत लिहिणे म्हणजे नसती कटकट. डॉट नेटमध्ये ती सोय पहिल्यापासून आहे.

पण किंमतही होती. सुरुवातीला हे फ्रेमवर्क प्रत्येक संगणकावर वेगळे बसवावे लागे, सुमारे २० एमबीचे. टेलिफोनवरच्या इंटरनेटच्या काळात तेवढे उतरवून घेणे सोपे नव्हते. शिवाय व्हिज्युअल बेसिकचे नाव राहिले, पण भाषा आतून बदलली. पैशांसाठी असलेला 'करन्सी' हा प्रकारच नव्यात नाही, त्याच्या जागी 'डेसिमल' आला. जुना मजकूर उतरवून देणारे साधन कंपनीने दिले होते, तरी पुष्कळ काम हातानेच करावे लागे. २००५ मध्ये प्रोग्रामरांनी जुनी भाषाही चालू ठेवा, अशी लेखी मागणी केली. ती मान्य झाली नाही. एप्रिल २००८ मध्ये त्या भाषेच्या अवजारांचा आधार पूर्ण थांबला.

आता गंमत पाहा. त्या भाषेत बनलेले प्रोग्राम विंडोज ११ वरही चालतात. एमएफसी अजून मिळते. उलट ज्या नव्यासाठी एवढी धावपळ झाली, ते मूळ डॉट नेट फ्रेमवर्कच २०१९ च्या ४.८ आवृत्तीनंतर जवळपास थांबले. पुढची वाढ २०१६ साली निघालेल्या दुसऱ्या शाखेत होते. त्याच घराण्यातले सिल्व्हरलाइट २००७ मध्ये आले आणि २०२१ मध्ये त्याचा आधार संपला. म्हणजे 'जुने आहे म्हणून टाका' एवढे कारण आम्हाला पुरेसे वाटत नाही. जुन्या प्रोग्राममध्ये दलाली, वटाव, परत आलेला माल, थानातली तूट, असे वर्षांचे कसब मुरलेले असते आणि ते कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते. नव्याने लिहिणारा आधी तेच विसरतो.

मात्र जुनी भाषा जाणणारा माणूस मिळेनासा झाला, किंवा उर्दू-मराठी बिले हवी असली, तर बदल करावा. तोही एकदम नको. डॉट नेटमधून जुन्या लायब्ररीला काम सांगता येते. तेव्हा जुना हिशेब तसाच ठेवून नवी कामे नव्यात जोडता येतात. पूर्ण बदलायचेच असेल तर निदान एक महिना दोन्ही प्रोग्राम बरोबर चालवावेत आणि उधारी व शिल्लक माल रोज ताडून पाहावा.

सोर्स कोडची प्रत आपल्याकडे आहे का, हे मात्र आजच पाहावे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला तेव्हा ज्याच्या हाती सोर्स कोड होता, त्याला जुन्याच प्रोग्राममध्ये कराचे नवे रकाने घालून घेता आले. ज्याच्याकडे नुसती चालणारी फाइल होती, त्याला लिहिणाऱ्याचा पत्ता शोधत फिरणे किंवा नवा प्रोग्राम विकत घेणे, एवढेच उरले.