सात मिलिसेकंदांत एक चित्र

डोळ्याची पापणी एकदा मिटून उघडायला निदान शंभर मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर चौदा चित्रं येऊन जातात. एकेका चित्राच्या वाट्याला जेमतेम सात मिलिसेकंद. त्या अवधीत गेममधली गाडी कुठे पोचली, ती कशावर आपटली, सावली कुठे पडली याचा हिशोब करायचा आणि पडद्यावरचा प्रत्येक ठिपका नव्याने रंगवायचा. पुढच्या सात मिलिसेकंदांत पुन्हा तेच, तासन्‌तास, न चुकता. हे काम करणारं यंत्र घरच्या जेवणाच्या टेबलावर एका स्क्रू ड्रायव्हरने जोडता येतं. त्याचे भाग सात-आठ कंपन्यांचे असतात आणि त्या कंपन्यांनी एकमेकींचा माल डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. मला यात कायम नवल वाटत आलं आहे.

हे भाग एकमेकांत बसतात याचं मूळ १९८१ मध्ये आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. वेळ वाचवण्यासाठी त्यांनी बाजारात तयार मिळणारे भाग वापरले, प्रोसेसर इंटेलचा घेतला आणि तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या छापून टाकल्या. स्वतःच्या हक्कात राहिला तो बायोस हा छोटा प्रोग्राम. कॉम्पॅक कंपनीने तसंच काम करणारा बायोस स्वतः लिहिला आणि १९८२ च्या अखेरीस आयबीएमशी जुळणारा संगणक जाहीर केला. दार उघडलं ते उघडलंच. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, मागची खिडकी एवढी. आज विकत घेतलेला बोर्ड कॅबिनेटमध्ये बिनबोभाट बसतो तो या तीस वर्षांपूर्वीच्या मापामुळे.

आता निवडीकडे येऊ. मध्यम बजेट म्हणजे इथे मी लाख रुपयांच्या आगेमागे धरतो, मॉनिटर वेगळा. बहुतेक जण सुरुवात प्रोसेसरपासून करतात. माझ्या मते सुरुवात पडद्यापासून करावी आणि तिथून मागे यावं. कारण पडदाच ठरवतो की मागच्या यंत्राला किती काम पडणार.

१९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख आणि फोर-के पडद्यावर ८२.९ लाख. म्हणजे फोर-के हा पहिल्याच्या बरोबर चौपट. १४४० चा पडदा सेकंदाला १४४ वेळा रंगवायचा तर ५३ कोटी ठिपके होतात, आणि एकेका ठिपक्यामागे प्रकाश, पोत, धुकं, प्रतिबिंब यांची गणितं असतात. लाखभराच्या यंत्राला फोर-के झेपवायचं म्हटलं की प्रत्येक गेममध्ये तडजोड आली. १०८० वर ते आरामात चालतं, पण सत्तावीस इंची पडद्यावर ठिपके जवळून दिसू लागतात. म्हणून मी या बजेटमध्ये सत्तावीस इंची, १४४० चा, १४४ हर्ट्झच्या पुढचा पडदा निवडेन. पुढचं सगळं त्या एका निवडीतून ओघाने येतं.

पडद्यानंतर लगेच ग्राफिक्स कार्ड. एकूण खर्चाचा चाळीस टक्के वाटा त्याला दिला तरी तो वाजवी. एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ आणताना त्याला जगातला पहिला जीपीयू म्हटलं. ठिपके रंगवण्याआधीची भूमितीची गणितंही त्याने प्रोसेसरकडून आपल्याकडे घेतली होती. २०२५ मधलं मध्यम दर्जाचं आरटीएक्स ५०६० टीआय पाहा. त्याच्या चिपवर सुमारे २,१९० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि गणितं करणारे छोटे कोअर ४,६०८. प्रत्येक ठिपक्याचं गणित शेजारच्यापासून बरंचसं स्वतंत्र असतं, म्हणून हजारो हात एकाच वेळी कामाला लावता येतात. रांगोळीत ठिपके भरायला पन्नास जणी बसाव्यात तसं.

हेच कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं. नाव एकच, खोकंही जवळपास सारखं. माझा आग्रह १६ जीबीचा आहे आणि त्यामागचं कारण आकड्यांत दाखवता येतं. कार्डावरची मेमरी चिपला सेकंदाला ४४८ जीबी या वेगाने माल पुरवते. ती भरली की उरलेली चित्रं मदरबोर्डवरच्या रॅममधून आणावी लागतात. हे कार्ड मदरबोर्डशी आठ मार्गिकांनी जोडलेलं असतं, आणि मध्यम किमतीच्या बोर्डांवरच्या चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्या वाटेचा वेग सेकंदाला सुमारे १६ जीबी पडतो. अठ्ठावीस पट कमी. खेळता खेळता चित्र अचानक अडखळतं, भिंतीवरचा पोत क्षणभर धुरकट राहतो, ते यामुळेच. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटीसुद्धा असंच दोन रूपांत येतं, तिथेही हाच नियम लावावा.

प्रोसेसरचं काम वेगळं. कोण कुठे आहे, गोळी लागली की हुकली, पडद्यावर काय काय काढायचं आहे, हे तो ठरवतो आणि ग्राफिक्स कार्डाला सांगतो. आचारी कितीही तरबेज असला तरी वाढपी दोनच असतील तर पंगत खोळंबते. वाढपी वीस आणि चूल एकच असेल तरीही खोळंबते. महागडा प्रोसेसर घेऊन कार्डात हात आखडता घेणारे बरेच भेटतात आणि त्यांची चूल नेहमी एकच असते. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर या बजेटला नेमका बसतो. तो सेकंदाला ५१० कोटी ठोक्यांपर्यंत धावतो. एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा सहा सेंटिमीटरच्या आतच पोचतो! रॅममधून एखादी गोष्ट मागवली तर ती हाती येईपर्यंत प्रोसेसरचे शेकडो ठोके रिकामे जातात. म्हणून त्याच्या पोटातच कॅश नावाची कोठी ठेवलेली असते. ७६०० मध्ये मुख्य कोठी ३२ एमबीची आहे. ७८००एक्स३डी या थोरल्या भावात चिपवर आणखी एक थर चढवून ती ९६ एमबीची केली आहे. गेममध्ये त्याचा फरक डोळ्यांना दिसतो आणि खिशालाही जाणवतो. आज ७६०० घ्यावा आणि तीन-चार वर्षांनी त्याच सॉकेटमध्ये तसला प्रोसेसर बसवावा, हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. एएम४ या जुन्या सॉकेटच्या बाबतीत तसं झालेलं आहे. २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून लोकांनी २०२२ चा ५८००एक्स३डी बसवला. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला, आणि २०२७ व त्यापुढेही त्याला साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा पुरतो. रंगीत दिवे आणि चिलखतासारखी झाकणं यांवर पैसे घालू नयेत.

रॅम ३२ जीबी घ्यावी, पण १६-१६ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली तर प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एक ओस पडते. डीडीआर५ ६००० च्या दोन पट्ट्या मिळून कागदावर सेकंदाला ९६ जीबी वाहून नेऊ शकतात, एक पट्टी त्याच्या निम्मं. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. खोक्यावर ६००० लिहिलेली रॅम बसवल्यावर आपोआप त्या वेगाने चालत नाही. ती ४८०० सारख्या सावध वेगावर सुरू होते. बायोसमध्ये जाऊन एक्सपो हा पर्याय चालू करावा लागतो. पैसे वेगाचे मोजलेले असतात आणि वर्षानुवर्षं यंत्र कमी वेगावर चालत राहतं, असे किती तरी पीसी मी पाहिले आहेत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी खेचली आणि रॅमचे भाव भडकले, तेव्हा कोटेशन घेताना हा आकडा त्याच दिवशीचा विचारावा.

साठवणीला एक टीबीची चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी. हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी वाचते, ही सात हजारांपर्यंत जाते. यापलीकडे फार विचार नको.

विचार करायचा तो एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या खोक्याचा. कोटेशनमध्ये पैसे वाचवायला सगळ्यांत आधी कात्री लागते ती इथे, आणि तेच मला खटकतं. हिशोब सोपा आहे. ५०६० टीआय १८० वॉटचं, ७६०० पूर्ण जोरात सुमारे ८८ वॉट घेतो, बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून आणखी पन्नास-साठ. एकूण सव्वातीनशेच्या घरात. पण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सांगितलेल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, आणि पुढे मोठं कार्ड बसवायला जागा हवी, म्हणून ६५० वॉट. त्यावर ८० प्लसचा शिक्का पाहावा. हा शिक्का २००४ पासून आहे आणि भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामी येते ते सांगतो. मात्र वीज वाढली, तारा एकमेकींना टेकल्या किंवा ताण जास्त झाला तर एसएमपीएस स्वतः बंद होऊन बाकीच्यांना वाचवतो की नाही, हे शिक्क्यावरून कळत नाही. ते वाचवणाऱ्या सोयींची यादी आणि वॉरंटीची वर्षं वेगळी तपासावीत.

याच्याशीच जोडलेली गोष्ट अर्थिंगची. जुन्या वाड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत कॅबिनेटला हात लागला की बोटांत झिणझिण्या यायच्या. टेस्टर लावला तर मंद पेटायचा. मी आधी यंत्रच बिघडलं समजलो. खरं कारण भिंतीत होतं. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे जाणारे दोन बारीक कपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी. जमिनीची तारच नसेल तर बॉडी मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्या दाबावर लोंबकळत राहते. प्रवाह सूक्ष्म असतो, पण अर्थिंग नसलेल्या घरात बॉडीवर खरोखरचा फेज उतरला तर वाचवायला कोणी नाही. लाखाचं यंत्र आणण्याआधी वायरमनला बोलावून तिसऱ्या भोकात तार आहे ना ते पाहून घ्यावं. लाइट जाण्याचा त्रास असेल तर यूपीएसही याच खर्चात धरावा.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं, काचेचं नको. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा कुठून आणणार? विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळीसला पोचते, तिथे प्रत्येक अंश मोलाचा. ७६०० सोबत कूलर मिळतो, पण तो नुसत्या ॲल्युमिनियमचा. दीड-दोन हजारांत तांब्याच्या नळ्यांचा उभा कूलर येतो. त्या नळ्या पोकळ असतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. प्रोसेसरपाशी पाण्याची वाफ होते, वर पंख्यापाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या खडबडीत थरातून झिरपत परत येते. १९६३ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही युक्ती सिद्ध केली आणि ती पुढे अंतराळयानांतही गेली.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर करा की ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी भारतातली आहे ना, हे खोकं फोडण्याआधी विचारा.

गेल्या सुट्टीत भाच्याबरोबर अशीच जोडणी केली. सॉकेटमध्ये १,७१८ बारीक पिना उभ्या असतात, केसाएवढ्या. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि तो अलगद सोडायचा, दाबायचा नाही. मग कडेची दांडी खाली ओढायची. तिला चांगलाच जोर लागतो, कुरकुर आवाज येतो आणि वरचं काळं झाकण टपकन उडतं. त्या आवाजाला भाच्याने डोळे मिटून घेतले होते.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटं. "मामा, काहीतरी जळलं का?" काही जळलं नव्हतं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड प्रत्येक तारेवर संदेश पाठवून पाहतो, किती क्षणांनी वाचला तर तो नीट कळतो हे ठरवतो आणि लक्षात ठेवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. या वेळी घाबरून बटण बंद करू नये. चौथ्या मिनिटाला बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह उमटलं.

विंडोज घालून झालं. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली होती, ती काढून ग्राफिक्स कार्डाला लावली, नाहीतर एवढं कार्ड बिनकामाचं बसलं असतं. शेवटी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे ६० हर्ट्झ दिसत होतं. ते बदलून १४४ केलं. भाच्याने माउस हातात घेऊन बाण गोल गोल फिरवला, मग सावकाश, मग पुन्हा जोरात.

"मामा, आता तो तुटत नाही."