किनाऱ्याची ओळख – ५ : कुलाब्याला जायचं तर आधी तिथी पाहा

मागच्या भागात आपण थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी पाहिले. तिथे होडीशिवाय इलाज नाही. अलिबागचा कुलाबा किल्लाही समुद्रातच आहे, पण दिवसातून दोनदा पाणी मागे हटतं आणि एरवी बुडालेल्या पुळणीवरून, खडकांवरून थेट दरवाजापर्यंत चालत जाता येतं. आपल्या किनाऱ्यावर हे भाग्य फार थोड्या जलदुर्गांना लाभलंय. तरीही अनेक जण शनिवार-रविवारची सुट्टी बघून येतात, भर दुपारी समोर भरलेलं पाणी पाहतात आणि भेळ खाऊन परत जातात. कुलाब्याला वार चालत नाही, तिथी चालते.

त्याचा हिशेब कोळीवाड्यात पोरासोरांनाही येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तिच्याआधी आणि नंतर साधारण सहा-सहा तासांनी ओहोटी. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि सकाळी सव्वाआठला ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, गणित तेच. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते, म्हणून हे जमतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो, तेव्हा निघण्याआधी त्या दिवसाचं छापील वेळापत्रक पाहावं किंवा किनाऱ्यावर विचारावं.

पण नुसती वेळ कळून भागत नाही, पाणी किती उतरणार हेही कळायला हवं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. तेव्हा उधाण येतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात येते, तो भांग. भांगाच्या दिवशी ओहोटी भर दुपारी बाराला येते खरी, पण पाणी पुरेसं उतरत नाही आणि वाट गुडघाभर, कधी त्याहून जास्त पाण्याखाली राहते. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. म्हणून माझ्या मते कुलाब्यासाठी द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी या तिथी उत्तम. पाणी भरपूर मागे गेलेलं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान, उन्हाच्या आधी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि पाणी फिरलं की परतीला लागावं. फिरलेलं पाणी पहिला तासभर हळू चढतं, पण तिसऱ्या-चौथ्या तासात फार वेगाने येतं. उधाणाच्या दिवशी तर त्याच्याशी शर्यत लावूच नये. पावसाळ्यात हा बेत करू नये. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार पाय कापते.

घोडागाडीही मिळते, पण जमत असेल त्याने चालत जावं. चालताना समजतं की ही जागा निवडणाऱ्याने काय पाहिलं असेल. वाट दिवसातले काही तासच उघडी, एरवी चारी बाजूंना पाणी आणि पाण्याखाली खडक. १६८० साली, शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं बनलं. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कान्होजी आंग्र्यांवर चालून आले, बाजीराव पेशवे मदतीला धावले आणि त्या जोड-फौजेला हात हलवत परतावं लागलं.

तटाजवळ पोहोचलात की लगेच आत शिरू नका. तटाचे चिरे पाहा. मोठाले दगड एकावर एक नुसते रचले आहेत, सांध्यात चुना भरलेला नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच बाहेर निघून जातं, त्यामुळे तिचा सगळा मार भिंतीच्या अंगावर बसत नाही. तीनशेहून अधिक पावसाळे हा तट उभा आहे. त्या अनाम पाथरवटांसाठी इथे दोन मिनिटं थांबायलाच हवं. लोक मात्र तोफांपाशी गर्दी करतात. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत आणि त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे.

आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, गणेश पंचायतन. समोर पुष्करणी. चहूकडे खारं पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या चुकवू नयेत, कारण पाणी नसतं तर वेढ्यात हा किल्ला चार दिवसही टिकला नसता. उत्तरेला लागूनच सर्जेकोट हा धाकटा कोट आहे. वेळ हातात असेल तरच तिकडे वळावं.

परत आल्यावर गावात कान्होजींची समाधी आहे. १७२९ साली ते गेले. त्यांच्या नावाच्या मानाने तिथे येणारी माणसं फारच थोडी, याची खंत वाटते. किनाऱ्यालगतच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि तिथल्या, मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली सूक्ष्म उपकरणं बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये वेध अलिबागला हलवायला सुरुवात झाली. दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची ही जुनी मालिका तुटली नाही. यंत्रांच्या इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळलं आहे.

पुढच्या आठवड्यात चौल आणि रेवदंडा. तिथली पोर्तुगीज तटबंदी जमिनीवरच आहे, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून हिंडत पाहायची, त्यामुळे पंचांग घरी ठेवलं तरी चालेल. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून कोर्लईचा डोंगरी किल्लाही त्याच दिवसात होतो, तेव्हा सकाळी लवकर निघायची तयारी ठेवा.