हिटलरचे बळी, ब्रिटिशांचे ‘शत्रू’

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने बंगालमधील सर्व ज्यूंना एकच न्याय लावला नाही. १७९८ पासून कोलकात्यात स्थायिक होत गेलेला बगदादी ज्यू समाज संशयापासून दूर राहिला. १९४२मध्ये रंगूनहून आलेले ज्यू निर्वासितही या शहरात सामावले गेले. मात्र जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यूंची गणना पारपत्रामुळे ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ अशी झाली.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले जाताच धरपकड सुरू झाली. शांतिनिकेतनात १९३७ पासून अध्यापन करणारे ॲलेक्स ॲरन्सन यांना अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत धाडण्यात आले. तेथे नाझी समर्थक आणि नाझींनी देशोधडीस लावलेले ज्यू एकाच कुंपणाआड होते. रवींद्रनाथ टागोरांनी बंगालचे गृहमंत्री ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्याकडे ॲरन्सन यांच्यासाठी रदबदली केली. त्यांची सुटका झाली. पुढे चौकशी समितीने अनेक ज्यूंना निर्दोष ठरवले. तथापि १९४०मध्ये फ्रान्सच्या पाडावानंतर काहींना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले.

नोव्हेंबर १९४१मध्ये जर्मनीने परदेशस्थ ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले. ज्या नागरिकत्वापायी त्यांना कैद भोगावी लागली, तेही त्यांचे उरले नाही.