नखांचा सोरायसिस

गेल्या चातुर्मासांत आमच्या पनवेलींतल्या एका परिचित घरीं सत्यनारायण होता. दरवर्षीं तीर्थ देणाऱ्या थोरल्या सूनबाई या खेपेस पदराखालीं हात घेऊन माजघरांतच बसून राहिल्या. त्यांच्या नखांवर सुईनें टोंचल्यासारखे बारीक खळगे पडले होते. दोन नखें तर पिवळट होऊन बोटापासून सुटलीं होतीं. आणि आदल्याच दिवशीं एका वृद्ध आप्त बाईंनीं 'कुष्ठ' हा शब्द उच्चारला होता.

संस्कृत शिकलेल्या माणसास या शब्दाच्या दुर्दैवाचा खेद वाटतो. चरकसंहितेंत कुष्ठाचे १८ प्रकार आहेत, ७ महाकुष्ठें व ११ क्षुद्रकुष्ठें. त्वचेच्या बहुतेक चिवट विकारांस तेथें हें एकच नांव आहे. त्यांपैकीं 'एककुष्ठा'स माशाच्या खवल्यांची उपमा दिली आहे व त्यांत पुष्कळ वैद्य आजचा सोरायसिस पाहतात. पुढें लोकव्यवहारांत तोच शब्द महारोगास चिकटला. युरोपांतहि हा घोटाळा होताच. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनीं १८४१ सालीं हे दोन रोग निराळे असल्याचें स्पष्ट केलें. महारोगाचा जंतु हॅन्सेन यांस १८७३ त सांपडला, म्हणजे आमच्या गांवीं धूतपापेश्वराचा औषधी कारखाना निघाल्यानंतर एका वर्षानें. सोरायसिसास असा जंतुच नाहीं. शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच त्वचेवर उलटते, इतकेंच. तो स्पर्शानें, ताटानें वा पाण्यानें दुसऱ्यास लागत नाहीं. (महारोगहि औषधानें बरा होतो, हें नेऱ्याच्या शांतिवनाशेजारीं राहणाऱ्यांस तरी सांगावें लागूं नये.)

सूनबाईंस प्रथम एका डॉक्टरांनीं तपासणी न करतांच तीन महिने बुरशीच्या गोळ्या दिल्या. दोन्ही विकार दिसण्यांत सारखे, क्वचित् एकत्रहि असतात; म्हणून नखाचा थोडा कीस काढून आधीं तपासून घ्यावा.

निदान झाल्यावर बहुधा तीव्र स्टेरॉइडचें मलम, एकटें किंवा कॅल्सिपोट्रिऑलसह, नखाच्या मुळाशीं व कडेस लावावयास देतात. नखाच्या कठीण पाठींतून औषध आंत फारसें मुरत नाहीं, ही यांतली मोठी अडचण. एकदोन नखेंच बिघडलीं असल्यास मुळाशीं स्टेरॉइडचें इंजेक्शन देतात; गुण येतो, पण दुखतें फार. पुष्कळ नखें, अंगावरची त्वचा किंवा सांधे धरले असल्यास मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यानें माणसें दगावलीं आहेत. यासाठीं ठरलेला वार घरांत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. रक्त व यकृत वरचेवर तपासावें लागतें, आणि गर्भारपणीं ती सर्वथा वर्ज्य आहे. अलीकडे अॅडॅलिम्युमॅब, सेक्युकिन्युमॅब अशीं इंजेक्शनेंहि मिळतात. तीं गुणकारी खरीं, पण महाग. आणि क्षयाची तपासणी केल्यावांचून घेऊं नयेत.

वैद्यांकडे जाण्यास माझी हरकत नाहीं. मात्र एकाचें औषध दुसऱ्यापासून लपवूं नये, आणि अनोळखी माणसाच्या पुडींतलें भस्म पोटांत घेऊं नये.

एक गोष्ट मात्र नखांहून महत्त्वाची. सकाळीं बोटें ताठरत असतील, किंवा नखाजवळचा सांधा सुजत असेल, तर तें डॉक्टरांस लगेच सांगावें. नखांच्या सोरायसिसाबरोबर सांध्यांचा विकार पुष्कळदां येतो. नख पुन्हां उगवतें; झिजलेला सांधा पूर्ववत् होत नाहीं.

घरीं नखें आंखूड ठेवावींत, त्यांखालचा मळ पिनेनें कोरूं नये, भांडीं घासतांना हातमोजे घालावेत. लहानशा इजेनेंहि रोग उसळतो. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें, तेव्हां पुरें नवें येण्यास सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्यास वर्ष-दीड वर्ष. पंधरा दिवसांत औषध बदलणाऱ्यास कोणतेंच औषध लागूं पडत नाहीं, याचें कारण हेंच.

सूनबाईंचें मलम सुरू होऊन चार महिने झाले. डाव्या अंगठ्याचें नख मुळाकडून गुळगुळीत येऊं लागलें आहे. खळगे शेंड्याकडे सरकत चालले आहेत. परवां त्यांनीं मला चहाचा पेला स्वतः आणून दिला.